तुमचे प्रश्न : बेडकांचा वसंत मृगात येतो

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की बेडूक बघायचे तर पहिल्या पावसाची वाट बघा, आणि त्या एका ओळीवर इतके मेसेज आलेत की या वेळचं अख्खं पान बेडकांनाच देऊन टाकलंय. साप आणि पक्षीवाल्यांनी एक महिना दम धरावा. काही पत्रं फारच लांबलचक होती, त्यांना कात्री लावलीये, राग मानू नका.

प्रश्न : आम्ही चार मित्र होळीच्या सुट्टीत खास बेडूक बघायला आंबोलीला गेलो. परदेशातल्या एका व्हिडिओत बघितलं होतं की डोंगरात वसंत ऋतू हाच बेडकांच्या विणीचा हंगाम. दोन रात्री टॉर्च घेऊन फिरलो, उतरलो होतो तिथल्या बाथरूममधला एक सोडला तर बेडूक म्हणून दिसला नाही. आमचं काय चुकलं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : महिना चुकला, बाकी काही नाही. आणि त्यात तुमचा दोष नाही कारण नेटवर जे सापडतं ते बरंचसं युरोप-अमेरिकेतलं असतं. तिकडे बेडकाचं घोडं अडतं थंडीपाशी, बर्फ वितळलं, पाणी जरा कोमट झालं की त्यांची लगीनघाई सुरू. आपल्या सह्याद्रीत थंडीमुळे कोणाचं अडत नाही, अडतं ते पाण्यावाचून. बेडूक आपल्यासारखं तोंड लावून पाणी पीत नाही, कातडीतून ओढून घेतो, आणि श्वासाचा पण बराच कारभार त्या ओल्या कातडीतूनच चालतो, मग मार्चमध्ये जेव्हा सड्यावरचा (म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावरचा) कातळ चपलेतून चटका देतो तेव्हा तो बाहेर येऊन करणार काय? तो असतो तिथेच, अगदी तुमच्या पायाखाली पण असेल. खेकड्याच्या बिळात, दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत. बरोइंग फ्रॉग म्हणून एक गोळामटोळ बेडूक आहे, त्याच्या मागच्या पायाच्या तळव्याला कुदळीच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो, त्याने तो मागल्या मागे खणत खाली जातो, म्हणजे आधी ढुंगण, मग डोकं, आणि मग आत बसून राहतो तो पार पाऊस येईपर्यंत. तुमच्या बाथरूममधला होता तो बहुतेक कॉमन ट्री फ्रॉग, उन्हाळ्यात ओलावा तेवढाच उरतो म्हणून त्याला मोरी-संडास फार प्रिय. होळीला जायचंच असेल तर ओढ्यातले न आटलेले डोह बघा, तिथे स्किटरिंग फ्रॉग डोळे तेवढे वर काढून तरंगत असतात आणि जवळ गेलात की आपण चपटा दगड मारून पाण्यावर भाकऱ्या काढतो ना, तसे टप्पे खात पळतात.

खरी गंमत जूनमध्ये. वळवाच्या सरींना फसून काही जण आधीच बाहेर येतात पण खरी गर्दी मृगाच्या पावसाला. शेतात ते लाल मखमली मृगाचे किडे दिसायला लागले की समजायचं, त्याच आठवड्यात डबक्यांतून लग्नसराई आहे. आपला नेहमीचा मातकट बुलफ्रॉग, त्याचे नर या दिवसांत लिंबासारखे पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि ओरडतात असे की शेजारच्याशी बोलता येत नाही. हळद लागलेला नवरदेव म्हणा हवं तर. थोड्याच दिवसांत हळद उतरते आणि पुन्हा तोच मातकट गडी. अभ्यासक याला एक्स्प्लोसिव्ह ब्रीडिंग म्हणतात, म्हणजे वर्षभराचा सगळा संसार काही रात्रींत उरकणं, आणि म्हणूनच "जुलैच्या दुसऱ्या वीकएंडला सगळ्यांना सुट्टी आहे तेव्हा जाऊ" हा हिशोब बऱ्याचदा फसतो.

आंबोलीत खास काय बघायचं, तर आंबोली टोड (टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक). लहानखुरा, अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात टायगरिना. याला स्वतंत्र जात म्हणून ओळख मिळाली ती 2009 मध्ये, म्हणजे आपले लोक पिढ्यान्पिढ्या त्याच्या शेजारी राहतायत आणि त्याचं बारसं मात्र परवा-परवा झालं. त्याचा सख्खा भाऊ कोयनेला, कोयना टोड, त्याची नोंद 1963 ची. या अख्ख्या वंशात हे दोघेच, आणि दोघेही महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतले. आंबोली टोड अंडी कुठे घालतो तर कातळावरच्या उथळ खड्ड्यात. त्यात पाणी किती, तर तुमची बोटं बुडतील न बुडतील. मोठ्या तळ्यात मासे असतात, पाणकिडे असतात, ते अंडी-पिल्लं सगळं फस्त करतात, या बशीएवढ्या पाण्यात तो त्रास कमी. पण जुगार असा की पावसाने चार-पाच दिवस दडी मारली, कडक ऊन पडलं, की बशी कोरडी आणि आतली सगळी पिल्लं खलास. आता तुम्हीच विचार करा, अशा सड्यावर वीकएंडला शंभर माणसं सेल्फी काढत फिरली, दोन गाड्या वर चढवल्या, तर त्या बशीचं काय होत असेल. आपल्याला तो नुसता ओला कातळ वाटतो हो.

आता बघायचं कसं. मी पहिल्यांदा आंबोलीला गेलो तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि अकरा टॉर्च, रात्री बारापर्यंत पायपीट करून मिळालं काय तर चिखल आणि एक पाणदिवड साप. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घेताना टपरीवाले काका म्हणाले, "तुमी बघूक इलास की वरात काढूक?" त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला (म्हणजे मला आणि अजून एकाला, बाकीच्यांना त्यांनी घरी पाठवलं) टपरीमागच्या एका डबक्यापाशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि टॉर्च काढून घेतली. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, फक्त छत्रीवर पाऊस. मग एक कोणीतरी टक् केलं. मग लांबून दुसरा. मग अक्षरशः पाच मिनिटांत असा कल्लोळ की काकांचं बोलणं ऐकू येईना, आणि हे सगळे आम्ही आलो तेव्हा तिथेच होते, आमच्या पावलांच्या धक्क्याने गप्प बसले होते इतकंच. तेव्हापासून माझा एकच नियम, फिरायचं नाही, बसायचं. एक डबकं, एक रात्र. दिवसा उजेडी जाऊन जागा बघून यायची, पाय कुठे ठेवायचे ते ठरवायचं, अंधार पडायच्या आधी येऊन बसायचं, आणि आधी कान मग टॉर्च. दोघं असाल तर एक युक्ती सांगतो, दोन बाजूंना उभे राहा, दोघांनी आपापल्या जागेवरून आवाजाच्या दिशेला बोट दाखवा, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे बेडूक. दहातले सात वेळा सापडतो. मंद टॉर्च बाजूने टाका, डोळ्यांवर नको.

आणि हात खिशात. हे जरा जास्त जोर देऊन सांगतोय कारण जिथे बेडूक तिथे बेडूक खाणारे पण येतात. झुडपावर साधारण तुमच्या हाताच्या उंचीला मलबारी चापडा हा साप वेटोळं घालून बसलेला असतो, हिरवा असेल, तपकिरी असेल, शेवाळी असेल, तो हलत नाही त्यामुळे दिसत नाही, आणि विषारी आहे. सड्यावर फुरसं. गमबूट घाला, फांदी बाजूला सारताना आधी टॉर्च मारा. अंगाला ओडोमॉस वगैरे फासलेलं असेल तर बेडकाला हात लावायचा विचारही नको, त्याची कातडी ते सगळं आत ओढते. तसाही हात लावायचा नाहीच.

प्रश्न : आम्ही म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी राहतो. इथे दर मार्चमध्ये एका रस्त्याच्या कडेने गुडघ्याएवढं प्लॅस्टिकचं कुंपण लावतात, जमिनीत बादल्या पुरतात आणि लोक सकाळी-सकाळी त्यातले बेडूक उचलून रस्त्यापलीकडे नेतात. मुलाला फार उत्सुकता आहे. आम्ही मदतीला जाऊ शकतो का, आणि वर डोंगरात हे कधी बघायला मिळेल?

उत्तर : जा, नक्की जा, हात खिशात वगैरे जे मी वर लिहिलं ते या एका कामाला लागू नाही. पण आपल्या मनाने जाऊ नका, तुमच्या भागातला जो निसर्गवाला गट ते कुंपण सांभाळतो त्यांच्याकडे नाव नोंदवा, कारण एक तर तिथे हे प्राणी कायद्याने संरक्षित आहेत आणि दुसरं म्हणजे अंधारात गाड्यांच्या रस्त्यावर लहान मूल घेऊन उभं राहायचंय. चमकणारं जॅकेट, ओले हातमोजे.

बादलीत मिळतात ते बहुतेक टोड, तिकडे ज्याला एर्डक्र्योटे म्हणतात ते. वर्षभर जंगलात एकेकटे राहतात आणि हिवाळा संपता-संपता ज्या तळ्यात जन्मले त्याच तळ्याकडे चालत निघतात, माहेरची ओढ म्हणा. मधे आपण रस्ता बांधलाय याचा त्यांना पत्ता नाही. संध्याकाळी हवा ओलसर आणि पारा साधारण 5 अंशांच्या वर असेल तर ती रात्र चालायची, गारठा पडला की सगळे जागच्या जागी थांबतात. म्हणजे तिकडचं घड्याळ पाऱ्यावर आणि इकडचं पावसावर. मुलाला एक गोष्ट दाखवा, नर वाटेतच दबा धरून असतात आणि मादी दिसली की पाठीवर चढून बसतात, मग पुढची सगळी पायपीट तिने करायची आणि हे महाराज वर. जोडी सापडली तर सोडवू नका, तशीच न्या. एखाद्या नराला चुकून दुसऱ्या नराने धरलं तर तो चिक् चिक् असा बारीक आवाज काढतो, म्हणजे "अहो सोडा, मी तो नव्हे". पुढच्या बोटांवर काळे खरखरीत चट्टे दिसले तर नर. आणि बादलीच्या तळाशी नारिंगी पोटाची, पालीसारखी काहीतरी वस्तू वळवळताना दिसली तर ती पाल नाही, अल्पाइन न्यूट म्हणजे बेडकांचीच शेपटीवाली नातलग आहे, ती पण पलीकडे न्यायची.

वर डोंगरात ग्रासफ्रॉश बघा, तो तपकिरी बेडूक आल्प्समध्ये 2000 मीटरच्याही वर सापडतो. खाली दरीत त्याची वीण फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते, वर मात्र बर्फ हटायला मे, कधी जून. तळ्याच्या काठाला अजून बर्फाची कड असते आणि मधे साबुदाण्याच्या खिरीसारखे गोळेच्या गोळे तरंगत असतात, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. तो काळा रंग ऊन शोषतो, आणि सगळ्या माद्या एकाच कोपऱ्यात एकमेकींच्या अंड्यांना लागून अंडी घालतात त्यामुळे त्या ढिगाच्या मधलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जरा उबदार राहतं. गोधडीत सगळी भावंडं एकत्र झोपली की कशी ऊब येते, तसंच. टोडची अंडी वेगळी ओळखू येतात, त्यांची लांब माळ असते, पाणवनस्पतींना गुंडाळलेली, काळ्या मण्यांची पोत जशी. ही ओळख इथे आपल्या अंगणातल्या टोडलाही चालते बरं का.

एक शेवटचं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना बूट घासून धुवा आणि कडक वाळवा. बेडकांना मारणारी एक बुरशी आहे, किट्रिड, तिला शास्त्रीय नाव मिळालं 1999 मध्ये पण तोवर तिने जगभर बेडकांचा खूप सत्यानाश केला होता, आणि ओल्या बुटांना चिकटून ती फिरू शकते. इथल्या ट्रेकर्सनी पण वाचलंत ना?

प्रश्न : बेडकांमध्ये फक्त नरच ओरडतो असं शाळेत शिकलो. आता कोणीतरी म्हणतं एका जातीत मादीपण ओरडते. खरं का? (सातारा)

उत्तर : खरं, आणि ती जात तुमच्याच जिल्ह्यात आहे. बॉम्बे नाइट फ्रॉग, कोयनेच्या बाजूला पावसाळी ओढ्यांकाठी. नाव मुंबईचं, ऐट सह्याद्रीची. याची 2016 मध्ये फार मजेदार गोष्ट बाहेर आली. बाकीचे नर मादीला काखेत नाहीतर कमरेशी घट्ट धरतात, हा धरतच नाही. ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा फांदीवर मादीच्या पाठीवर नुसता बसतो, हात पानावर टेकवून, तिच्या पाठीवर वीर्य सोडतो आणि उतरून बाजूला होतो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळून येणारं वीर्य त्या अंड्यांवर पडतं. जगात तोवर बेडकांच्या धरण्याच्या सहा तऱ्हा माहीत होत्या, ही सातवी निघाली. आणि हो, मादीही आवाज देते. अंडी फुटली की पिल्लं टपाटप खालच्या ओढ्यात.

प्रश्न : दोडामार्गला आमच्या घरामागच्या विहिरीवर एक झाड झुकलंय, त्याच्या पानांत जून महिन्यात नारळाएवढा पांढरा फेस लटकत होता. सासूबाई म्हणतात कसलीतरी कीड आहे, झाड तोडा. काय करू?

उत्तर : ताई, झाड तोडू नका, सासूबाईंना चहा घेऊन खाली बसवा आणि तो फेस दाखवा. किडीचा फेस पण असतो पण तो थुंकीच्या ठिपक्याएवढा, नारळाएवढा नव्हे. हे मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं, हिरवागार बेडूक, बोटांच्या मधे नारिंगी-लाल पडदे, एका झाडावरून दुसऱ्यावर हवेत तरंगत उतरतो. मादी अंगातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते, रवीने ताक घुसळावं तशी, की त्याचा फेस होतो, त्यातच अंडी. बाहेरून फेस वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. आणि जागा कशी निवडते बघा, बरोबर पाण्याच्या वर. आठवडाभरात पिल्लं आत वळवळायला लागतात, फेस पातळ होतो आणि एका जोरदार सरीत खाली विहिरीत गळतात. विहिरीत गप्पी मासे सोडले असतील तर मात्र बिचाऱ्यांची धडगत नाही. पाणी पिण्याचं असेल तर गाळून घ्या, तसंही घेत असालच.

टाकीच्या भिंतीला, बाथरूमच्या बादलीला असाच लहान फेस दिसला तर तो कॉमन ट्री फ्रॉगचा, वर चिंचवडकरांना भेटला तो.

प्रश्न : माझ्या मुलीने (इयत्ता चौथी) डबक्यातले दहा-बारा बेडूकमासे बरणीत घरी आणलेत. ठेवू की परत सोडू?

उत्तर : परत सोडा, आजच, आणि त्याच डबक्यात, दुसऱ्या जवळच्या तळ्यात नको, वर बुरशीचं लिहिलंय म्हणून. पण सोडायच्या आधी बरणी उजेडात धरा आणि तिला पोटाकडून बघायला सांगा. पोटाच्या पातळ कातडीतून आतडं दिसतं, उदबत्तीच्या कॉइलसारखं, वेटोळ्यावर वेटोळं. शेवाळ खाऊन पोट भरायचं तर आतडं लांब लागतं. नंतर बेडूक झाला की तो किडे खाणार, मग हे आतडं आखूड होतं, म्हणजे त्याचं नुसतं रूप नाही, आतलं स्वयंपाकघर पण बदलतं. आधी मागचे पाय, मग पुढचे. शेपूट गळून पडत नाही, ती अंगातच जिरते, आणि ते चालू असताना पिल्लू काही खात नाही, शेपटीवरच भागवतं. आमच्या पिढीने हे सगळं कॉलेजात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून पाहिलं, त्या वासासकट अजून आठवतं. तुमच्या मुलीला दर दोन दिवसांनी त्याच डबक्यावर न्या, वहीत चित्र काढू द्या. सगळे बेडूकमासे एकाच वेळी मोठे होत नाहीत, ते तिचं तिलाच दिसेल, आणि काही जातींना तर पाण्यातलं बालपणच नसतं. आपल्या घाटातले चिमुकले बुश फ्रॉग, ते रात्री झुडपातून टिक टिक टिक करतात ते, त्यांच्या अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर पडतो.

प्रश्न : मी फोटोग्राफी ग्रुपबरोबर जातो. आमचे लीडर बेडूक उचलून शेवाळ असलेल्या फांदीवर ठेवतात, मग सगळे ओळीने फोटो घेतात. यात चुकीचं काय, बेडकाला इजा तर होत नाही?

उत्तर : विणीच्या रात्री नर ओरडत असतो, त्याच्याकडे मोजक्या रात्री असतात, आणि तुम्ही त्याला उचलून पंधरा जणांच्या फ्लॅशसमोर अर्धा तास बसवता. तुमच्या लग्नात मुहूर्ताच्या वेळी कोणी तुम्हाला उचलून शेजारच्या हॉलमध्ये फोटोला नेलं तर? इजा नाही झाली हो, मुहूर्त गेला. शिवाय त्या फोटोत शास्त्राला काही उपयोग नाही, कारण जमिनीवरचा बेडूक फांदीवर दिसतोय. जिथे आहे तिथे, जसा आहे तसा, दोन-तीन फोटो आणि बास. त्यापेक्षा फोनवर आवाज रेकॉर्ड करा, तारीख, वेळ, जागा बोलून ठेवा. अंधारात, पावसात, न दिसणाऱ्या बेडकाची सगळ्यात चांगली ओळख आवाजच देतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकलंत तर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते, पण तेच इन्स्टावर लोकेशन टॅग करून टाकलंत की पुढच्या शनिवारी तिथे तीन बस.

प्रश्न : पावसाळ्यात गोव्यात "जंपिंग चिकन" मिळतं म्हणे, खाऊन बघायला हरकत काय?

उत्तर : हरकत वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. तो बुलफ्रॉगच असतो, आणि तो सापडतो कसा, तर पहिल्या पावसात ओरडतो म्हणून. पेट्रोमॅक्स घेऊन आवाजाच्या मागे जायचं. म्हणजे अंडी घालायला आलेलीच जोडी पोत्यात. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या टनांनी परदेशी जायच्या, ते 1987 मध्ये बंद झालं. चिकनच खायचं तर कोंबडी आहे की.

प्रश्न : आमच्या कुत्र्याने अंगणातला टोड तोंडात धरला, तोंडाला फेस आला. टोड विषारी असतो का? हाताला लागला तर चामखीळ येते का?

उत्तर : चामखीळ येत नाही, ती व्हायरसने येते, टोडच्या पाठीवरच्या गाठींचा काही संबंध नाही. विष मात्र असतं, डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी दिसतात त्यात, तोंडात धरलं की ते सुटतं. कुत्र्याचं तोंड ओल्या फडक्याने आतून पुसून काढा, पुन्हा पुन्हा, पाणी घशात जाऊ न देता, आणि डॉक्टरकडे न्या, वाट बघत बसू नका. टोड अंगणात असू दे, तो तुमचे डास-किडे-वाळवी खातो, रात्री कुत्रा बांधा.

प्रश्न : वय 71, दोन्ही गुडघे गेलेले. लहानपणी गावाला पहिल्या पावसात बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. आता साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो, घाटात जाणं शक्य नाही. मला काही ऐकायला मिळेल का?

उत्तर : काका, मिळेल. तुमच्या आसपास एखादा रिकामा प्लॉट असेलच, जिथे बांधकाम रखडलंय आणि पाया खणून ठेवलाय, त्यात पहिल्या मोठ्या पावसात पाणी साचतं, आणि बेडकांना सातबारा लागत नाही. जूनमध्ये पहिला तास-दोन तासांचा दणका पाऊस झाला की रात्री नऊच्या सुमाराला गॅलरीत खुर्ची टाका, घरातला टीव्ही बंद करायला सांगा (हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये), आणि दोन्ही हात कानामागे पंज्यासारखे धरा, आवाज लगेच जवळ येतो. एकसुरी लांबलचक, मोटार लांबून चालू असल्यासारखी कुर्र्र्र ऐकू आली तर तो साधा टोड. आणि दुसरा एक ओळखायला आत्ताच सराव करून ठेवा, खिशातला कंगवा काढा, अंगठ्याच्या नखाने त्याचे दात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरभर ओढा. तस्सा आवाज करणारा ऑर्नेट मायक्रोहायला, जेमतेम इंचभर लांबीचा बेडूक, पण गल्ली दणाणून सोडतो. ऐकू आला तर कोणत्या तारखेला आला तेवढं एका पोस्टकार्डावर कळवा, व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी चालेल.